तारू : चोरट्या अवकाशजहाजासाठी चकवे आणि सोंगं (कामाच्या नोंदी)

८ जून २०२५

'तारू' हा मी एकट्याने बनवत असलेला छोटा गेम. गोडो ४ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, द्विमितीय, वरून दिसणारा. खेळणाऱ्याकडे एक जुनाट मालवाहू जहाज आहे आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातून जकात चुकवून माल पोचवायचा आहे. गस्तीची जहाजं संगणक चालवतो. उड्डाण, तोफा, जकातनाकी हे सगळं चालतंय. इथून पुढे फक्त फसवाफसवीची सामग्री. अजून कुणी असलंच काही करायला घेतलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

सुरुवात एक गोष्ट काढून टाकण्यापासून. आधीच्या आवृत्तीत 'अदृश्य व्हा' असं बटण होतं. दाबलं की आठ सेकंद गस्तीला जहाज दिसत नसे. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं त्या सगळ्यांनी एकच केलं: गस्त दिसली की बटण दाबा, सरळ पुढे जा, बटण पुन्हा तयार होईपर्यंत दगडामागे थांबा. यात फसवणूक कुठेच नाही, नुसती वाट बघणं आहे. बटण काढलं.

शिवाय अवकाशात अदृश्य होणं तसंही पटत नाही. साध्या खोलीइतकं, म्हणजे ३०० केल्विन तापमान असलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि मागची पार्श्वभूमी असते २.७ केल्विनची. आत माणसं जिवंत असलेलं जहाज त्या काळोखात लपणार नाही. ते दिसणारच. पण दिसलेल्या ठिपक्याबद्दल समोरच्याचा गैरसमज करून देता येतो. गेम याच्यावर उभा करायचा ठरवलं.

कागदावर काढलेल्या कल्पना: खोटा प्रतिध्वनी देणारा चकवा, धातूच्या पट्ट्यांचा ढग, उष्णता काही काळ पोटात दाबून ठेवणारी बर्फपेटी, गस्तीकडे कड करून वळवायचे रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारे सपाट पत्रे), खोटं ओळखपत्र प्रसारित करणारा 'बहुरूपी', खोटी चिमणी, म्हणजे जहाजाचा आकार बदलून दाखवणारा सांगाडा, खोटी मदतीची हाक, आणि 'कात्रज', त्याबद्दल पुढे.

१४ जून

सामग्रीला अजून हात लावलेला नाही. लावता येणारच नाही, हे दोन-तीन संध्याकाळी वाया गेल्यावर कळलं.

कारण गस्तीच्या जहाजाचा कोड थेट खेळणाऱ्याच्या जहाजाची जागा वाचत होता. बहुतेक छोट्या गेममध्ये असंच असतं आणि त्यात काही वावगं नाही, पण मग फसवायचं कुणाला? ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापुढे चकवा सोडला की त्याला 'आता चकव्याकडे बघ' असा हुकूम द्यावा लागतो. मी तसा हुकूम लिहून पाहिला. खेळताना लगेच कळतं की गस्त फसलेली नाही, फसल्याचं नाटक करतेय.

म्हणून गस्तीचा मेंदू नव्याने लिहिला. प्रत्येक गस्ती जहाजाकडे आता एक वही आहे. वहीत दिसलेल्या प्रत्येक ठिपक्याची नोंद असते: शेवटची जागा, वेग, चूक किती असू शकते त्याचं वर्तुळ, हा ठिपका काय असावा याचा अंदाज आणि त्या अंदाजाची खात्री. गस्तीने निर्णय घ्यायचा तो फक्त या वहीवरून. खेळणाऱ्याच्या जहाजाचा उल्लेख गस्तीच्या फाइलमध्ये कुठेही येता कामा नये, हा नियम.

नियम लावताच गस्त बावळट झाली. जहाज दगडाआड गेलं की ती शेवटच्या जागेवर जाऊन नुसती उभी राहायची. उपाय दोन. ठिपका दिसेनासा झाला तरी जुन्या वेगाने त्याची जागा पुढे सरकवत राहायची, आणि चूक दाखवणारं वर्तुळ दर सेकंदाला वाढवत न्यायचं. वर्तुळ लहान असेपर्यंत पाठलाग करायचा, मोठं झालं की कडेकडेने शोध सुरू करायचा. एवढ्यावर ती बऱ्यापैकी हुशार दिसू लागली.

१७ जून

लहान नोंद, पण बराच वेळ खाल्लेली. दिसण्याची शक्यता मी ५ टक्के ठेवली होती, तरी गस्तीला सगळं लगेच दिसत होतं. कारण फासा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, पडत होता. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका सेकंदात न दिसण्याची शक्यता ०.९५ चा ६० वा घात, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. 'क्वचित दिसेल' असं लिहून प्रत्यक्षात 'सेकंदाभरात दिसणारच' असं झालं होतं.

आता फासा नाहीच. संवेदक सेकंदाला चार वेळा तपासतो आणि ठिपक्याची खात्री थोडी थोडी वाढवतो. खात्री साचत जाते, त्यामुळे खेळणाऱ्याला मागे हटायला वेळ मिळतो. चार वेळाच तपासल्यामुळे प्रोसेसरवरचा भारही उतरला. मात्र सगळ्या गस्तींचे टायमर एकाच क्षणी वाजले तर दर पाव सेकंदाला गेम अडखळतो, म्हणून प्रत्येकाला सुरुवातीला वेगवेगळा उशीर दिला.

२२ जून

संवेदक तीन प्रकारचे केले: उष्णता, रडार, रेडिओ.

उष्णता गुपचूप बघता येते आणि अंतराच्या वर्गाने कमी होते. रडारला आधी स्वतः ओरडावं लागतं, मग प्रतिध्वनी ऐकायचा. जाताना वर्ग, येताना वर्ग, त्यामुळे परतणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. यातून एक फुकटची देणगी मिळाली. रडार चालू करणाऱ्याला तुमचा प्रतिध्वनी मिळण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला त्याचा आवाज ऐकू येतो, कारण तुमच्यापर्यंत लहर एकेरीच आलेली असते. म्हणून खेळणाऱ्याच्या जहाजावर रडारसूचक बसवला: गस्तीने रडार लावलं की त्या दिशेच्या कडेला तांबडी रेघ. अमुक बाजूला कुणीतरी शोधतंय, पण त्याला अजून काही सापडलेलं नाही. फसवणुकीची तयारी करायला हाच वेळ हवा होता. वेगळं काही रचायला लागलं नाही, चौथा घात प्रामाणिकपणे लिहिल्याने ते आपोआप आलं.

त्याच घाताची दुसरी बाजू अशी की रडारला दुप्पट अंतरावरून दिसायचं तर प्रतिध्वनी १६ पट मोठा हवा. चकव्याची किंमत ठरवताना हे कामाला आलं.

२९ जून

पहिली वस्तू: चकवा.

एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन पत्रे, खोलीच्या कोपऱ्यासारखे. लहर कुठूनही आत आली तरी तीन उड्या मारून आली त्याच दिशेने परत जाते. लहान होड्या मोठ्या जहाजांच्या रडारवर दिसाव्यात म्हणून असलेच परावर्तक लावतात. त्रिकोणी पत्र्यांचा, ३० सेंटिमीटर कडेचा कोपरा ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना जास्तीत जास्त ३८ चौरस मीटरच्या आसपास दिसतो. म्हणजे पिशवीत मावणारी वस्तू रडारवर जहाजाएवढी. गेममध्ये चकवा स्वस्त ठेवायला एवढं कारण पुरे.

चाचणीत पहिला चकवा सोडला आणि माझं जहाज, चारही गस्ती आणि जकातनाकं सगळंच रडारवर एकदम फुगलं. गोडोमध्ये रिसोर्स फाइल (वस्तूची माहिती साठवणारी फाइल) एकदाच लोड होते आणि ती वापरणारे सगळे तीच एक प्रत वाटून घेतात. मी सगळ्यांची 'छबी' (उष्णता किती, प्रतिध्वनी किती, रेडिओ काय) एकाच मूळ रिसोर्समधून दिली होती आणि चकव्याने जन्मताच त्यातला प्रतिध्वनी बदलला. जहाज तयार होताना छबीची स्वतंत्र प्रत काढली आणि सुटलं. संपादकात रिसोर्सवर 'लोकल टू सीन' अशी खूण आहे, तिनेही काम होतं. पण कोडमधून निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी प्रत काढणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

दुसरी गळती यापेक्षा वाईट होती. गस्त चकव्याकडे वळली, चकव्यावर क्षेपणास्त्र सोडलं आणि क्षेपणास्त्र वळसा घेऊन मलाच लागलं. वहीतली नोंद खोटी असली तरी क्षेपणास्त्र स्वतःचं लक्ष्य 'सर्वात जवळचं खेळणाऱ्याचं जहाज' असं शोधत होतं. क्षेपणास्त्रालाही आता स्वतःची छोटी वही आहे. ज्यांना हे करायचंय त्यांनी तोफा, क्षेपणास्त्रं, धोक्याचे भोंगे, अगदी पार्श्वसंगीतसुद्धा तपासून घ्या. माझं संगीत गस्तीच्या खऱ्या अंतरावरून चढत होतं, त्यामुळे डोळे मिटूनही कळायचं की गस्त कुठे आहे.

६ जुलै

चकवा आता व्यवस्थित खोटा प्रतिध्वनी देतो, पण गस्त फसत नाही, आणि तिचं बरोबर आहे. तिच्या डोळ्यांदेखत एका ठिपक्यातून दुसरा ठिपका बाहेर पडतो. जुना ठिपका कोणता हे तिला ठाऊक आहे. ती त्याच्याच मागे राहते.

इथे तीन वाटा होत्या. गस्तीला मुद्दाम विसराळू करायची, ही सोपी वाट, नको. चकव्याचा प्रतिध्वनी जहाजापेक्षा खूप मोठा करायचा, तरी गोष्ट तीच. तिसरी: गस्तीची नजर क्षणभर तुटली पाहिजे आणि ती पुन्हा जुळेल तेव्हा समोर दोन ठिपके असले पाहिजेत. कोणता जुना, हे तिला आता सांगता येऊ नये.

नजर तोडायला धातूच्या पट्ट्यांचा ढग. ही युक्ती रडारच्याच वयाची आहे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिश विमानांनी ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली. पट्ट्या सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या, कारण जर्मन वुर्त्सबुर्ग रडारची लहर साधारण ५४ सेंटिमीटरची होती आणि अर्ध्या लहरीएवढी पट्टी सर्वात जोरात घुमते. गेममध्येही पट्ट्या कापायची लांबी खेळणाऱ्याने निवडायची ठेवली. गस्तीच्या रडारची लहर ओळखली नाही तर ढग कुचकामी. ही लहर रडारसूचकावर ऐकून कळते, म्हणजे आधी गस्तीला रडार लावू द्यावं लागतं. मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

ढगाचं वागणं मात्र सुरुवातीला चुकीचं दिसत होतं. पट्ट्या सुटल्या की हळूहळू मागे पडायच्या, विमानामागे पडाव्यात तशा. निर्वातात अडवणारी हवा नाही. जहाजाचा वेग पट्ट्यांनाही मिळालेला असतो आणि त्या जहाजाबरोबरच चालत राहतात, फक्त पसरत जातात. गुन्हेगार सापडला प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये: गोडो द्विमितीय भौतिकीत रेषीय अवरोध, म्हणजे वेग आपोआप कमी करणारी ओढ, मुळातच ०.१ ठेवतं. तो शून्य केला. आता इंजिन बंद ठेवलं तर ढग तुमच्याभोवतीच राहतो आणि इंजिन लावलंत तर तुम्हीच त्यातून बाहेर पडता. आपसूक एक डाव तयार झाला: ढग सोडा, आत चकवा सोडा, चकव्याला हळू ढकला, इंजिन बंद. ढग विरळ झाल्यावर गस्तीसमोर दोन ठिपके, दोन्ही शांत तरंगणारे.

१९ जुलै

बर्फपेटी. या वस्तूवर सर्वात जास्त वेळ गेला, पण सगळ्यात जास्त चालली तीच.

कल्पना अशी: रेडिएटर मिटून घ्यायचे आणि जहाजाची उष्णता पोटातल्या बर्फात सोडायची. शून्य अंशावरचं एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. जहाज १०० किलोवॅट उष्णता तयार करत असेल तर एक टन बर्फ साधारण ५५ मिनिटं पुरतं. गेममध्ये एका मिनिटाचा एक सेकंद केला, म्हणून ५५ सेकंद.

पहिल्या रूपात खेळणारे बर्फ संपलं की जकातनाक्यावर जाऊन भरून घ्यायचे आणि पुन्हा सुरू. अदृश्य बटणच परत आलं, फक्त गार. किंमत हवी होती, आणि ती भौतिकीतच पडलेली होती. बर्फात साठलेली उष्णता कधीतरी बाहेर टाकावीच लागते. रेडिएटर ३०० केल्विनवर चौरस मीटरला ४६० वॅट टाकतो, पण ६०० केल्विनला तापवला तर ७,३०० वॅटच्या वर. तापमान दुप्पट, झळाळी १६ पट. म्हणून बर्फ संपल्यावर दोन पर्याय दिले: मंद आचेवर बराच वेळ रेडिएटर उघडे ठेवा, किंवा लाल करून दहा सेकंदांत मोकळे व्हा आणि आख्ख्या पट्ट्याला दिसा.

लोकांनी ती झळाळीच हत्यार म्हणून वापरायला घेतली, याचा मी विचार केला नव्हता. दगडाच्या उजव्या बाजूला मुद्दाम लाल व्हायचं, गस्त तिकडे वळली की नवीन बर्फावर गार होऊन डावीकडून निसटायचं. सरळ हूल. मी त्यात काही बदललं नाही, फक्त रेडिएटर मिटण्याचा वेळ थोडा कमी केला.

रेडिएटरची कड वळवण्याची कल्पनाही याच आठवड्यात घातली. सपाट पत्र्याची कड समोर आली की त्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. एका गस्तीपासून लपायला उत्तम, दोन गस्ती वेगवेगळ्या बाजूंनी आल्या की निरुपयोगी. पैसे लागत नाहीत, बर्फ लागत नाही, फक्त जहाज कुठे तोंड करून आहे याचं भान लागतं. नवशिक्यांसाठी हीच पहिली युक्ती ठेवली.

३ ऑगस्ट

बहुरूपी. इथे भौतिकी संपते आणि माणसं सुरू होतात.

समुद्रावरची मोठी जहाजं आपली ओळख रेडिओवरून सतत सांगत असतात; तिच्यात नऊ आकडी क्रमांक असतो आणि जहाजांच्या बाबतीत पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४१९. ऐकणारा यंत्रावर येईल ते खरं मानतो, कारण क्रमांक खरोखर त्याच जहाजाचा आहे याचा पुरावा संदेशात नसतो. गेममध्ये तसाच बिल्ला ठेवला. तो विकत घेता येतो, चोरता येतो, मोडीत निघालेल्या जहाजातून काढताही येतो.

आकार बदलण्यासाठी खोटी चिमणी. १९१४ मध्ये जर्मन क्रूझर एमडनने आपल्या तीन धुराड्यांना चौथं खोटं जोडलं, ब्रिटिश जहाजासारखी दिसत पेनांगच्या बंदरात शिरली आणि रशियन क्रूझर झेमचुग बुडवली. त्याच्या महिनाभर आधी मद्रासवर तोफा डागणारी ती हीच. गेममधला सांगाडा जहाजाचं बाह्यरूप बदलतो, पण वजन वाढवतो.

बिल्ला अधिक चिमणी, झालं सोंग? पहिल्या चाचणीत झालंच. सोंग घेतलेलं जहाज कुणीही अडवेना. मग दोन गोष्टी जोडल्या.

पहिली, विसंगती. जहाजाच्या इंजिनाचा झोत किती तेजस्वी आहे यावरून जोर किती ते कळतं. जोर आणि प्रत्यक्ष वाढलेला वेग यावरून वजन कळतं. बिल्ला म्हणतो पूर्ण भरलेला खनिजवाहू, आणि वेग वाढतोय रिकाम्या होडीसारखा, तर गस्तीने भुवया उंचवायला हव्यात. हाच हिशोब इंजिनवाल्या चकव्यालाही लागू होतो: जहाजाएवढा झोत दाखवला तर हलका चकवा भरकन पुढे पळतो आणि पकडला जातो. खेळणाऱ्याने सोंगाला शोभेल असं चालवायचं. काही जण जड जहाजासारखं संथ वळण घ्यायला शिकले तेव्हा मला बरं वाटलं.

दुसरी, विचारणा. १९ नोव्हेंबर १९४१ ला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर सिडनी या युद्धनौकेने डच व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या जर्मन कोर्मोरानला गुप्त खूण विचारली. खूण माहीत नव्हती; कोर्मोरानने सोंग टाकलं आणि जवळून तोफा सुरू केल्या. सिडनीवरचे सगळे ६४५ जण गेले, कोर्मोरानही बुडाली. म्हणजे सोंगाचा कस लागतो तो प्रश्नाच्या वेळी. आता गस्त जवळ आली की रेडिओवर विचारते.

संशयासाठी आधी पडद्यावर पिवळी पट्टी होती. लोक पट्टीकडेच बघत बसायचे, गस्तीकडे नाही. ती काढून संशय गस्तीच्या बोलण्यात घातला. काही वाक्यं:

'खनिजवाहू, पट्टा गस्त बोलतेय. कुठून निघालात?'
'माल भरलेला म्हणता, वळणं मात्र मोकळ्या जहाजाची घेताय तुम्ही.'
'या क्रमांकाचं जहाज परवा दुरुस्तीला लागलेलं आम्ही स्वतः बघितलंय. इंजिन बंद करा.'

तिसऱ्या वाक्यानंतर पळायला साधारण सहा सेकंद मिळतात. सोंगात असताना गोळी झाडली तर सोंग तिथेच संपतं आणि तो बिल्ला पुन्हा कुठेच चालत नाही. समुद्रावरच्या जुन्या प्रथेतही खोटं निशाण चालायचं, पण तोफ डागण्याआधी खरं चढवावं लागायचं.

१६ ऑगस्ट

भाचा सुट्टीला आला होता, त्याला बसवला. अर्ध्या तासात त्याने असं काही विचारलं की पुढचे सगळे बेत मागे पडले.

'मामा, तो फसला का? की त्याला मी दिसलोच नव्हतो?'

मला पडद्यामागची वही दिसत होती म्हणून मी खूश होतो. त्याला फक्त एक जहाज दुसरीकडे जाताना दिसत होतं. फसवणूक यशस्वी झाल्याचं फसवणाऱ्यालाच कळलं नाही तर मजा शून्य. गस्त नुसती वेंधळी वाटते.

म्हणून छाया आणली. गस्त तुम्हाला जिथे समजते आहे तिथे तुमच्या जहाजाची फिकट आकृती, भोवती चूक दाखवणारं वर्तुळ. वर्तुळ वाढतं, छाया जुन्याच दिशेने सरकत राहते आणि तुम्ही भलतीकडे बसून तिच्यामागे धावणारी गस्त बघता. आकृतीवर गस्तीचा अंदाजही लिहिला: 'खनिजवाहू?', 'दगड?', 'तस्कर!' कोड फार नाही; वही आधीच होती, ती फक्त रंगवायची होती. एवढ्या एका बदलाने भाचा रात्री जेवायला उठेना, आणि ताईने मला फोन करून ऐकवलं ते वेगळंच.

छाया फुकट द्यावी का, यावर बराच घोळ घातला. शेवटी सोप्या पातळीवर फुकट; कठीण पातळीवर गस्तीचा रेडिओ चोरून ऐकणारं यंत्र बसवलं तरच दिसते, आणि तीही काही सेकंद जुनी.

७ सप्टेंबर

गणपतीत काम बंद होतं. परत बसल्यावर आधी 'कात्रज'.

१६६३ मध्ये शायिस्ताखानावर लाल महालात छापा घातल्यावर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रज घाटाकडे पिटाळले आणि पाठलाग तिकडे गेला, ही गोष्ट इकडे प्रत्येकाने शाळेत असताना ऐकलेली असते. गेममध्ये: सहा छोटे तापक, हाती लागतील त्या दगडांवर अडकवायचे आणि ठरल्या वेळी एकदम पेटवायचे. उष्णतेच्या पडद्यावर ताफाच निघाल्यासारखा दिसतो.

पहिल्यांदा फसलं, कारण तापक लावलेले दगड जागेवर उभे होते. गस्तीने दोन क्षणांत ठरवलं की हे जहाज नव्हे. बैल चालत होते, हे मी विसरून चालणार नव्हतं. आता फिरत्या दगडांवर लावलेले तापकच चालतात, आणि तसे दगड शोधण्यात तयारीचा अर्धा वेळ जातो. एकाहून जास्त गस्ती असतील तेव्हा त्या आपसात वाटणी करून पांगतात. पांगलेल्या गस्तींमधून निघून जाणं सोपं.

खोटी मदतीची हाक रद्द केली. चालत उत्तम होती. गस्त धावत यायची आणि मैदान मोकळं व्हायचं. पण दोन-चारदा फसल्यावर गस्त खऱ्या हाकेलाही येईना (वहीमुळे ती आठवण ठेवते), आणि गेममध्ये इतर जहाजं खरोखर संकटात असतात. ती मेलेली बघायला मला नको होतं. हा निवाडा माझा. दुसऱ्या कुणाला त्यावरच गेम उभारावासा वाटला तर जागा आहे. बाहेरच्या रंगवलेल्या पट्ट्यांनी दिशा चुकवण्याचा बेतही गेला. १९१७ पासून समुद्रावरच्या जहाजांना तसे वेडेवाकडे पट्टे रंगवत, नेम धरणाऱ्याला जहाजाची दिशा चुकीची वाटावी म्हणून. माझ्या गेममध्ये जहाज पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं, पट्टे दिसणार कुणाला?

२१ सप्टेंबर

खर्च. गोडो फुकट. आवाजांचा एक संच घेतला, साडेआठशे रुपये, त्यातला रडारचा टिकटिक आवाज तेवढा वापरला. बाकीचे आवाज स्वयंपाकघरात भांडी वाजवून. चित्रं स्वतःची, दिसतातच तशी. वेळाचा सगळ्यात मोठा घास वहीने घेतला. वस्तू नंतर भराभर झाल्या. कुणी विचारलं कुठून सुरू करू, तर चकव्याचं चित्र काढत बसू नका, वही आधी लिहा.

आजची अडचण: खेळ जतन करून पुन्हा उघडला की कोसळतो. वहीतल्या नोंदीत ठिपक्यामागच्या खऱ्या वस्तूचा दुवा साठवलेला होता. तो मी छाया रंगवताना सोयीसाठी घातला होता. चकवा नष्ट झाला किंवा खेळ नव्याने उघडला की दुवा मेलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो आणि गोडो तिथेच हात टेकतं. दुवा काढून प्रत्येक नोंदीला फक्त एक क्रमांक दिला. कोसळणं थांबलं, आणि जाता जाता अजून एक गळती सापडली: त्या दुव्यातून गस्तीला चकव्याची खरी जात वाचता येत होती, त्यामुळे ती चकव्यांवर दारूगोळा जरा कमीच वाया घालवायची.

सध्याचे आकडे, ज्यांना हवेत त्यांच्यासाठी: चकवा ४० नाणी, एका वेळी तीन. ढग ६० नाणी, १२ सेकंद दाट. बर्फपेटी ३०० नाणी, भरणं ५०. बिल्ला १५० पासून ९०० पर्यंत, जुना तितका स्वस्त आणि धोक्याचा. तापकांचा संच २००. एका फेरीचा नफा सरासरी ३५० च्या आसपास येतो, म्हणजे सगळंच वापरलं तर तोटा. बिल्ल्याची किंमत अजून जमलेली नाही. ९०० ला कुणी घेत नाही, ६०० केला तर दुसरं काही घेत नाहीत. पुढच्या आठवड्यात बिल्ल्याला मुदत लावून बघणार.